वर्षभराची शिवण-क्रोशे यादी: कशी करता आणि पार कशी पाडता?

बटवा | २७ डिसेंबर, रात्री ११:१२
डिसेंबर संपत आला की मला यादी करायची खाज सुटते. वहीच्या डाव्या पानावर शिवण, उजव्या पानावर क्रोशे. गेल्या जानेवारीतली यादी आत्ता समोर आहे: दोन कुर्ते, कटोरी ब्लाऊज (छातीचा गोल भाग वेगळा कापून जोडतात तो), लेकीला फ्रॉक, उश्यांचे अभ्रे, जुन्या साड्यांची गोधडी, नणंदेच्या बाळाला क्रोशेचं ब्लँकेट (बाळ आता चालतंय), गणपतीसाठी आसन, आणि एक श्रग ज्याची पाठ तयार आहे, पुढचे दोन भाग बाकी आणि ती शेड आता कुठेच मिळत नाहीये.
घर पुण्यात, वन बीएचके, मशीन डायनिंग टेबलवर मांडायचं आणि जेवायच्या वेळी उचलायचं. नोकरी आहे, शाळेचे डबे आहेत, सगळ्यांनाच असतात.
तर प्रश्न असा की तुम्ही वर्षाचं ध्येय ठरवता कसं? नगांवर? नवीन काय शिकायचं त्यावर? की घरात साठलेलं कापड आणि लोकर संपवायची एवढंच? आणि शिवण आणि क्रोशे दोन्ही करणारे वेळ कसा वाटतात? नुसतं "वेळेचं नियोजन करा" असं सांगू नका प्लीज, ते नवरा सांगतोच.

लिंबूटिंबू | ११:२०
माझी यादी एकाच ओळीची आहे. "मशीन कव्हरमधून बाहेर काढणे." तिसरं वर्ष.

सुगरणीचं_घरटं | ११:४७
मी नग मोजणं सोडून दिलंय. नग मोजले की माणूस पिशव्या आणि अभ्रेच शिवत बसतो, आकडा वाढतो ना! मग मी दर वर्षी शिवणातल्या दोनतीन अवघड जागाच ठरवते. एका वर्षी छुपी चेन. एका वर्षी मुंढ्यात (बाही जोडायच्या गोलात) बाही बसवणं, म्हणजे बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त असतो तो चुण्या न पडता मुरवणं. येत्या वर्षी पँटचा तिरका खिसा आणि कॉलर. त्यासाठी कुर्ता शिवा नाहीतर लेकाचा शर्ट शिवा, जिथे कॉलर येईल ते चालेल. जुनी चादर फाडून नुसत्या चार कॉलर शिवल्या तरी माझ्या हिशोबात ध्येय पूर्ण.
क्रोशेतही तसंच. गोलात विणणं एक वर्ष, मग टोपी, बटवा, अमिगुरुमी म्हणजे क्रोशेची छोटी खेळणी, सगळं त्यातच येतं, कारण पाया एकच, गोल सपाट राहायला किती टाके वाढवायचे आणि कुठे थांबायचं.

खडूस_मोरू | २८ डिसेंबर, सकाळी ८:०५
छंदाला टार्गेट लावलं की त्याचं ऑफिस होतं. पुढच्या धाग्यात "क्यू थ्री मध्ये दोन अभ्रे मागे आहोत" असं वाचायला मिळेल बहुतेक. अहो मन लागलं तर विणा, नाही लागलं तर नका विणू. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा)

बटवा | ८:३१
मोरूभाऊ, मन लागण्यावर सोडलं तर माझं मन नवीन लोकर विकत घेण्यात लागतं, विणण्यात नाही. तिथेच तर सगळा घोळ आहे.

तिरकी_पट्टी | १०:१५
मी कोल्हापुरात घरूनच ब्लाऊज-ड्रेस शिवून देते, त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळं येईल.
आमचं वर्ष जानेवारीत सुरू होतच नाही. जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म, मग श्रावणापासून गर्दी, गणपतीच्या आधी ऑर्डर बंद, दिवाळीच्या आधी ऑर्डर बंद, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. स्वतःचं शिवायचं ते पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कोणी नवीन कापड शिवायला टाकत नाही, दारावरची बेल वाजत नाही, मशीन माझं एकटीचं. थोडंफार आषाढात. एवढ्यातच माझे आणि मुलींचे वर्षाचे कपडे होतात.
म्हणून माझं म्हणणं, आधी आपलं रिकामं कधी असतं ते बघा आणि मगच यादी करा. तुमच्याकडे मार्चमध्ये परीक्षा आणि ऑफिसचं इयर एंडिंग असेल तर मार्चसमोर गोधडी लिहून काय उपयोग.
दुसरं म्हणजे शिवणाचा वेळ शिवण्यात जात नाही हो. अस्तर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, आखा, कापा, मॅचिंग दोरा शोधा, हुक शोधा, यात जातो. प्रत्यक्ष टीप मारायला ब्लाऊजला किती लागतं! मी एका बैठकीत नुसतं कटिंग करते. प्रत्येक ब्लाऊजची वेगळी पिशवी, त्यात कापलेले भाग, अस्तर, दोरा, हुक, पायपिंगची पट्टी, आणि मापाची चिठ्ठी पिन करून. मग अर्धा तास मिळाला तरी पिशवी उघडायची आणि बसायचं. डायनिंग टेबलवाल्यांना तर हे फार उपयोगी पडेल, कारण टेबल अडतं ते कापताना.
आणि एका रंगाच्या दोऱ्याची कामं सलग काढा. मग पांढऱ्या दोऱ्यात अभ्रा, परकर, लेकीचा स्लिप सगळं एकदम निघतं.

लिंबूटिंबू | १०:२२
पितृपक्षात स्वतःचे कपडे!! सासूबाईंना हा धागा वाचून दाखवणार नाही.

तिरकी_पट्टी | १०:४०
शिवायचे पितृपक्षात, घालायचे नवरात्रात. आहे काय नाही काय.

रेडिंगची_रमा | दुपारी २:०९
इकडे इंग्लंडात शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांत मेक नाइन म्हणून प्रकार चालतो. वर्षाच्या सुरुवातीला तीन बाय तीनच्या चौकोनात नऊ वस्तूंचे फोटो लावायचे आणि वर्षभरात त्या करायच्या. मी करते, पण त्यातले तीन चौकोन मुद्दाम रिकामे ठेवते. कारण जानेवारीत आवडलेलं जूनमध्ये आवडत नाही, आणि मध्येच कोणाचं तरी बाळ जन्माला येतं.
रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर जे पॅटर्न आवडतात ते मी तिथेच रांगेत टाकून ठेवते. ती रांग म्हणजे यादी नव्हे, हे स्वतःला बजावावं लागतं. तिथे शेकडो पडलेत.
आणि माझी वाटणी ऋतूवर आहे. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, गडद कापडावर टीप दिसत नाही, मग ब्लँकेट मांडीवर घेऊन क्रोशे. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड, तेव्हा शिवण.

घामाघूम | ३:३०
रमाताई, इथे डोंबिवलीत एप्रिलमध्ये मांडीवर लोकरीचं ब्लँकेट घेऊन बसायचं म्हणजे स्टीम बाथ. आणि पंखा लावला की पेपर पॅटर्न उडतात. आम्ही कुठल्या ऋतूत करायचं मग?
बाय द वे मला टेम्परेचर ब्लँकेट करायचंय नवीन वर्षात. रोजच्या तापमानाप्रमाणे रंग ठरवायचा आणि रोज एक ओळ विणायची. इन्स्टावर कसली भारी दिसतात, निळ्यापासून लाल! ध्येय पण आपोआप ठरतं. कोणी केलंय का?

गणित_पक्कं | ४:०२
थांबा. कॅनडातल्या बाईचं ब्लँकेट निळ्यापासून लाल होतं कारण तिच्याकडे तापमान उणे वीस ते तीस जातं. मुंबईत कमाल तापमानाची महिन्याची सरासरी वर्षभर ३० ते ३४ च्या आत फिरते. पाच-पाच अंशांना एक रंग लावलात तर तुमचं ब्लँकेट म्हणजे एक केशरी चादर आणि त्यावर चार चुकार रेघा.
उपाय दोन. एक, किमान तापमान घ्या. जानेवारीत सतरा-अठरापर्यंत उतरतं, मे महिन्यात सत्तावीसच्या आसपास, म्हणजे जरा पसारा मिळतो. दोन, दर दीड अंशाला रंग बदला.
आणि आधी लांबीचा हिशोब करा. मुक्या खांबांची (म्हणजे बुटक्या टाक्यांची) ओळ साधारण अर्धा सेंटीमीटर उंच धरली तर ३६५ ओळींचे १८२ सेंटीमीटर, ठीक, पांघरता येईल. पण पूर्ण खांबाची (उंच टाक्याची) ओळ सव्वा सेंटीमीटर धरली तर साडेचार मीटर! ते ब्लँकेट नाही, मांडव आहे.
पॅटर्न ब्रिटिश की अमेरिकन तेही बघून घ्या, ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे अमेरिकनांचा सिंगल, आपला मुका खांब.

संत्रानगरी | ४:१५
नागपूरकर इथे. आमच्याकडे मे महिन्याच्या रंगाला अजून नावच नाही 😂

खडूस_मोरू | ४:१८
मुंबईकरांनी आर्द्रतेचं ब्लँकेट करावं. ओलंच मिळेल.

घामाघूम | ४:२६
हसून हसून पुरेवाट. पण गणितराव, वाचवलंत. मी खांबाचाच पॅटर्न काढून ठेवला होता. आठवड्याला दोन ओळी केल्या तर? आठवड्याचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान?

गणित_पक्कं | ४:४०
१०४ ओळी, खांबाने १३० सेंटीमीटर. लहान मुलाच्या पलंगाला उत्तम. आणि एखादा आठवडा राहिला तरी रविवारी भरून काढता येतो. रोजची ओळ चुकली की माणूस महिनाभर त्या टोपलीकडे बघत नाही.

आजी_ऑनलाइन | २९ डिसेंबर, पहाटे ५:५०
बाळांनो, सगळं वाचलं. नातीने हे अॅप घालून दिलंय, टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.
आमच्या वेळी वर्षाची यादी माणसांची असायची. यंदा कोणाकडे पाळणा हलणार, कोणाचं लग्न, कोणाची मुंज. पाळणा असेल तर दुपटी, झबली, टोपडी, कुंची. लग्न असेल तर रुखवतात ठेवायला क्रोशाचे रुमाल, तोरण. संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलं. हे सगळं पाडव्यालाच माहीत असायचं आणि तारीख चुकवायची सोय नव्हती, बाळ काही थांबत नाही. स्वतःसाठी काही करायचं हे तेव्हा डोक्यातच नसायचं, ते मात्र तुम्ही करता हे मला आवडतं.
गोधडीचं म्हणाल तर ती कोणी एकटीने यादीत लिहून करत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी चौघी जमल्या की अंगणात लुगडी पसरायची आणि चारी बाजूंनी धावदोरा घालत मध्याकडे यायचं. तू एकटी डायनिंग टेबलवर करणार म्हणतेस तर पाळण्यातल्या मापाची कर, पलंगाची नको.
बाळाच्या ब्लँकेटला मोठी जाळी ठेवू नका. बोटं अडकतात. आणि सुती दोराच घ्या.

बटवा | सकाळी ९:०२
आजी, नमस्कार! गोधडी पाळण्याच्या मापाची, हे लगेच लिहून घेतलं. माणसांची यादी ही आयडिया फार आवडली. पण एक शंका, माणसं धरली की सगळं वर्ष देण्याघेण्यात जातं आणि माझा कुर्ता पुन्हा तळाला. सुगरणचं "अवघड जागा" आणि तुमचं "माणसं" एकत्र करता येईल का बघते.
साठ्याबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्या पलंगाखाली दोन सुटकेस आहेत फक्त कापडाच्या.

पन्हा४४ | ११:३३
साठा हा माझा विषय, सरका जरा.
मी ध्येय वजनात ठेवते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळी लोकर एकदा मोजली आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. आली तर अधिक, विणून गेली तर उणे. कापडाचं मीटरमध्ये. वर्षाअखेर आकडा सुरुवातीपेक्षा कमी असला की झालं, मग त्यात काय विणलं ते कोणी विचारू नये. खरेदीबंदी मात्र अजिबात करायची नाही. बंदी केली की माणूस पंधरा दिवसांनी मंगळदास मार्केटात जाऊन वचपा काढतो.
कापड घेताना मी चिठ्ठी लावते, पन्हा (कापडाची रुंदी) किती, मीटर किती, कशासाठी घेतलं. छत्तीस इंची पन्ह्यात अडीच मीटरचा कुर्ता मापात बसेल की नाही हे दोन वर्षांनी कोणाला आठवतंय! कॉटन असेल तर आणल्या दिवशीच भिजवून इस्त्री करून ठेवायचं, म्हणजे नंतर आटत नाही आणि तिरकी_पट्टी म्हणतात तो वेळही वाचतो.
आणि बटवा, तुमच्या श्रगचं. लोकरीच्या वेष्टनावर शेड नंबरशिवाय लॉट नंबरही असतो. शेड तीच, लॉट वेगळा, तर रंगात उन्नीस-बीस फरक पडतोच. मोठ्या वस्तूची लोकर एकदम घ्यावी हे खरं, पण आता त्या श्रगला पुढचे दोन्ही भाग चक्क वेगळ्या रंगात करा आणि तोच रंग पाठीला कडेने एक ओळ फिरवा. मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

खडूस_मोरू | ११:४१
म्हणजे टार्गेट झालं, आता स्टॉक रजिस्टर. ऑडिट कधी ठेवताय?

पन्हा४४ | ११:४४
३१ मार्चला. चहा-पोहे आहेत, या.

दोरा_ओवा | दुपारी १:२०
मी पुरुष आयडी, शिवण करतो, आधीच सांगतो म्हणजे कोणी ताई म्हणणार नाही. मुलीच्या नाटकाचे कपडे शिवता शिवता लागलेला नाद.
सगळे कापडाबद्दल बोलतायत, मशीनबद्दल कोणी नाही. यादी अडण्याचं निम्मं कारण मशीन असतं. टाके सुटतात, दोरा खालून गुंता करतो, मग आपण वैतागून कव्हर घालतो ते चार महिने. सुई बदला! बऱ्याचदा तेवढंच असतं. मलमलला ११ नंबर, साध्या कॉटनला १४, जीन्सला १६, टीशर्टच्या कापडाला बॉलपॉइंट. आणि खालच्या बाजूला गुंता दिसला तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो, बॉबिनशी भांडत बसू नका.

लिंबूटिंबू | १:३१
दादा, माझं मशीन तीन वर्षं बंद आहे. तेल घालून थेट सुरू करू का? घरात खोबरेल आहे.

दोरा_ओवा | १:३५
खोबरेल नको!!! थंडीत गोठतं आणि आत चिकटून बसतं. मशीनचं तेल मिळतं, छोटी बाटली, स्वस्त असते. आधी ब्रशने शटलमधला कचरा काढा, मग जुनं काळं मशीन असेल तर भोकाभोकात एकेक थेंब, आणि फालतू चिंधीवर थोडं चालवा म्हणजे जादाचं तेल निघून जाईल. नवीन ऑटोमॅटिक असेल तर आधी त्याचं पुस्तक बघा, काहींना तेल घालायचंच नसतं.

घामाघूम | १:५०
अवांतर होतंय पण विचारते. यादी मोडण्याचं माझ्याकडचं पहिलं कारण म्हणजे "मला पण करून दे ना". सोसायटीतल्या प्रत्येकीला क्रोशेची टोट बॅग हवी. "लोकरीचे पैसे देते हं" म्हणतात आणि वर उपकार.

तिरकी_पट्टी | २:१५
मजुरी सांगायची, न लाजता. मी ब्लाऊजचा दर भिंतीवर लावलाय तेव्हापासून "सहज एक टीप मारून दे" बंद झालं. क्रोशेचं तर अजून, खरं क्रोशे मशीनवर होत नाही, बाजारात दिसतं तेही कोणीतरी हातानेच विणलेलं असतं. आंध्रात नरसापूरच्या भागात हजारो बायका यावर पोट भरतात. स्वस्त बॅग दिसली की तिच्या मागच्या बाईला काय मिळालं असेल ते बघा, आणि आपला दर त्याच्याशी लावू नका.

रेडिंगची_रमा | ५:४०
+१. मी त्या रिकाम्या तीन चौकोनांतला एकच दुसऱ्यांसाठी ठेवते. भरला की सांगायचं, यंदाचं बुकिंग फुल.

सुगरणीचं_घरटं | ६:१०
मोरूभाऊ हसतायत पण २०१६ साली चेन्नईत बायकांनी एकत्र येऊन क्रोशेचं अकरा हजार चौरस मीटरहून मोठं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केलं. प्रत्येकीने आपापल्या घरी बसून चौकोन विणले आणि मग जोडले. टार्गेटशिवाय झालं असतं का?

खडूस_मोरू | ६:२२
मान्य. पण ते वाळत कुठे घालतात?

बटवा | २ जानेवारी, रात्री १०:३०
सगळ्यांचं वाचून केलेलं असं. डावं-उजवं पान बंद. वही महिन्यांवर, आणि मार्च आणि ऑक्टोबर कोरे (ऑफिस, दिवाळीची साफसफाई). एक अवघड जागा, कटोरी. माणसं दोघंच, लेक आणि चुलत बहीण, तिला मे महिन्यात बाळ होणार, त्यासाठी सुती दुपटं आणि पाळण्याची गोधडी. श्रग दोन रंगांत. क्रोशे ऑफिसच्या बसमध्ये, म्हणजे छोटे चौकोन, ब्लँकेट घरी. कटिंग एका रविवारी एकदम, जेवण बाहेरून. नगांचा आकडा कुठेही लिहिलेला नाही. तीन जागा रिकाम्या.
मोरूभाऊ, ऑडिट नाही.

घामाघूम | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४४
धागा वर काढतेय. माझं आठवड्याचं ब्लँकेट चालू आहे, पावसाळ्यात सलग एकच हिरवा रंग येतोय, दिसायला शेवाळं आलंय पण मला आवडतंय. बटवा, तुझं काय?

बटवा | ४ सप्टेंबर, रात्री ९:५८
दुपटं वेळेत, गोधडी बाळानंतर महिन्याने गेली, आजी रागावतील. श्रग झाला आणि ऑफिसमध्ये दोघींनी कुठून घेतला विचारलं. अभ्रे यादीत नसताना झाले कारण पांढरा दोरा लावलेलाच होता. कुर्त्यांचं कापड कापून पिशवीत आहे. कटोरी मात्र अडली आहे. टक्स बरोबर येतात पण कटोरीच्या जोडाला खाली झोळ येतो, उसवून पुन्हा केलं तरी तसाच. तिरकी_पट्टी, आहात का?

तिरकी_पट्टी | ५ सप्टेंबर, सकाळी ७:१०
गणपतीची गर्दी आहे, थोडक्यात सांगते. कटोरी उरेब (कापडाच्या तिरक्या दिशेत) कापली आहेस का? उरेब कापलेलं जोडताना ताणलं जातं आणि मग झोळ येतो. मशीनवर कटोरीचा भाग खाली ठेव, सरळ पट्टीचा भाग वर, ओढू नकोस, आणि आधी हाताने कच्चा टाका घाल. अस्तर आणि वरचं कापड आधी एकत्र जोडून मग कटोरी लाव. तरी नाही जमलं तर आतून-बाहेरून फोटो टाक, पितृपक्षात निवांत बघते.

लिंबूटिंबू | ७:३२
मशीन कव्हरमधून बाहेर आलं आहे. बाकी नंतर लिहिते, सुई नंबर १४ आणायला चाललेय.